पहिल्या नंबरचं पान

मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि मित्रांनो, कधी एकदा तुम्हाला सगळं सांगतो असं मला झालंय! आयुष्यभर मी दुसऱ्यांचंच सांगणं पुढे पोचवत आलो. कुणीतरी बोटं आपटायची आणि मी मुकाट्यानं अक्षरं पडद्यावर धाडायची. आज माझी पाळी आली आहे. माझं एंटरचं बटण आता दोनदा दाबावं लागतं आणि अंगाचा पांढरा रंग हळदीसारखा पिवळा पडलाय, पण बोलायचं त्यानं काय अडतंय?

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला अंधार, थर्मोकोलचा करकर आवाज आणि एसटीचे धक्के. मुंबईहून मुरबाडला मी एका बाईंच्या मांडीवर बसून आलो. त्या बाई म्हणजे संघरत्नाताई. सगळे त्यांना रत्नाताई म्हणत. मुरबाडच्या एसटी स्टँडमागे त्यांनी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देण्याचं, दुकान काढलं होतं. साल असेल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. त्या काळात नुसता कॉम्प्युटर बघायला लोक दारात उभे राहत. ताईंनी खोकं फोडलं, मला बाहेर काढलं आणि सगळ्यात आधी काय केलं असेल? माझ्या प्रत्येक बटणावर मराठी अक्षराचं छोटं स्टिकर चिकटवलं. क आला, ख आला, आणि माझा सगळ्यात लाडका ळ आला! इंग्रजी अक्षरं घेऊन जन्मलेला मी संध्याकाळपर्यंत पक्का मराठी झालो होतो. तो आनंद मला अजून आठवतो.

काय दिवस होते ते! चौदा एप्रिलच्या जयंतीची पत्रकं, क्रिकेटच्या सामन्यांची पोस्टरं, म्हसा गावच्या जत्रेच्या जाहिराती, बारशी, गृहप्रवेश, श्रद्धांजल्या, सगळं माझ्यावरून गेलं. आणि लग्नसराईत तर विचारूच नका. निम्म्या तालुक्याच्या लग्नपत्रिका माझ्या अंगावर उमटल्या. ताई शुद्धलेखनाला कडक होत्या. वेलांटी चुकली की त्यांच्या कपाळावर आठी यायची, आणि त्यांच्या संगतीत राहून माझ्याही. चुकीचं अक्षर दाबलं गेलं की मला अंगात खडा टोचल्यासारखं व्हायचं. हा माझा स्वभाव आहे, आणि पुढे या स्वभावापायी मी किती तडफडलो ते तुम्हाला कळेलच.

ताईंच्या दुकानात एक रीत होती. मजकूर टाइप झाला की त्याचा कागद काढायचा, आणि ज्यानं मजकूर दिला त्यानंच तो मोठ्यानं वाचायचा. नुसता वाचायचा नाही. मजकुरात ज्यांची नावं आहेत त्यांना समोर बसवून वाचायचा. ताई म्हणायच्या, "नाव ज्याचं, आधी त्याच्या कानावर." मगच कागद छापखान्यात जायचा.

एकदा धाकलू नावाचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. सख्ख्या भावाशी बांधावरून अबोला होता, म्हणून निमंत्रकांतून त्याचं नाव त्यांनी वगळलं होतं. ताईंनी प्रूफ ऐकायला त्या भावालाच बोलावून घेतलं. धाकलू वाचत गेले. निमंत्रकांपाशी आले आणि थांबले. समोर भाऊ खाली मान घालून बसलेला. धाकलूंनी घसा खाकरला आणि कागदावर नसलेलं भावाचं नाव आपसूक वाचून टाकलं! ताईंनी लगेच ते नाव टाइप केलं. मित्रांनो, त्या वेळी माझं प्रत्येक बटण आनंदानं उडत होतं.

पुढे ताईंचं लग्न झालं आणि आम्ही शहापूरला आलो. आता इंटरनेटचे दिवस आले होते. ताईंनी बाजारपेठेत सायबर कॅफे काढला. लाकडी फळ्यांचे खण, प्रत्येक खणात एक कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात जुन्या डीटीपीच्या कामासाठी प्रिंटर. मला दाराजवळच्या खणात बसवलं. सुरुवातीला मी हरखून गेलो. दहावीचे निकाल, नोकरीचे अर्ज, दुबईला गेलेल्या मुलाला आईचा निरोप! माझ्यावर दाबलेलं अक्षर समुद्रापलीकडे जातं हे कळलं तेव्हा मला दोन दिवस काही सुचलं नाही.

आणि मग नटनट्यांच्या गप्पांची ती साइट आली.

मित्रांनो, आता मला थोडं रागावू द्या. त्या साइटवर कुणीही यावं, कुठलंही नाव घ्यावं आणि टीव्हीतल्या, सिनेमातल्या माणसांबद्दल वाटेल ते लिहावं. लिहायचं मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. माझी मराठी स्टिकरं धूळ खात पडली. ळ बिचारा तर महिनोन्महिने उपाशी! कर्ता एका गावाला आणि क्रियापद दुसऱ्या गावाला. पूर्णविराम म्हणून कुणाला ठाऊक नव्हता, मात्र उद्गारचिन्हाचं बटण दाबून दाबून माझं अंग दुखायचं. ज्यांना अर्ध्या ओळीचं वाक्य धड उभं करता येत नव्हतं असे लोक एखाद्या नटीला कसं उभं राहावं ते शिकवायचे. कुणाचं लग्न मोडलं की यांना उत्सव. कुणी जाड झाली, कुणाचे केस गळले, कुणाचा बाप कोण, सगळी उठाठेव. चुका एक वेळ मी पोटात घातल्या असत्या. चूक सुधारता येते. पण तो खवचटपणा! बोटं माझ्यावर किती जोरानं पडतात त्यावरून मला माणूस कळतो. प्रेमानं लिहिणारा हलके दाबतो. हे लोक माझ्यावर ढोल बडवत होते.

ताई यात पडत नसत. गिऱ्हाईक तासावर बसतं, ते काय लिहितं हे बघणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं, असं त्यांचं मत. मुरबाडची रीत मुरबाडलाच राहिली होती.

आता खरी गोष्ट ऐका. डोळखांबच्या बाजूला डोंगरात एक पाडा आहे. तिथं धाऊ नावाचे शेतकरी राहतात. भात आणि नाचणीची शेती, उंच अंगकाठी, आवाज असा की या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक जावी. त्यांचा मुलगा संदेश शहापूरला कॉलेजात होता आणि धाकटी वैष्णवीसुद्धा. वैष्णवी गायची. लग्नातल्या हळदीपासून कॉलेजच्या स्नेहसंमेलनापर्यंत जिथं तिथं गायची. एका वाहिनीवर गाण्याची स्पर्धा निघाली तेव्हा तिनं आपला अर्ज भरला, आणि कुठं भरला? माझ्यावर! तिची बोटं किती हलकी होती! मी मनातल्या मनात म्हटलं, ही जाणार.

आणि गेली की हो! पहिल्या फेरीतून दुसऱ्या फेरीत, दुसरीतून तिसरीत. शहापूरच्या नाक्यावर तिचा बॅनर लागला. लोडशेडिंगमध्ये तिचं गाणं चुकू नये म्हणून मंगळू जीपवाल्यानं भाड्याचा जनरेटर आणून ताईंच्या कॅफेतला टीव्ही सुरू ठेवला. धाऊ कोंबड्याच्या आरवण्याआधी उठणारा माणूस, पण आठवड्यातून एकदा टीव्हीसमोर जागा मिळावी म्हणून पाड्यावरची माणसं जीपमध्ये कोंबून दुपारीच हजर व्हायचा. असा उत्साह मी आधी कधी पाहिला नव्हता.

एके दिवशी संदेशला त्या गप्पांच्या साइटवर वैष्णवीचं पान सापडलं. कुणीतरी लिहिलं होतं की ही गरिबीचं सोंग करते, हिचं गावाकडचं बोलणं नाटकी आहे, हिला काढा. संदेशनं ते वडिलांना सांगितलं.

पाड्यावर एक पद्धत आहे. आपल्या घराबद्दल कुणी वाकडं बोललं तर चार माणसं घेऊन त्याच्या अंगणात जायचं आणि तिथं उभं राहून उत्तर द्यायचं. गप्प बसलं तर त्यानं बोललेलं खरं धरतात. धाऊ दुसऱ्याच दिवशी जीपभर माणसं घेऊन कॅफेत आले आणि ताईंना विचारू लागले, "ज्यानं लिवलं त्याचं आंगन कुठं हाय?"

ताईंनी त्यांना समजावलं की या माणसाला अंगण नाही, गाव नाही, खरं नावसुद्धा नाही. जे आहे ते या पडद्यावर आहे. धाऊंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची मागे सारली.

"मंग हितंच उबा राहून बोलतो," ते म्हणाले. "संदेश, लिव."

साइटवर लिहायला एक नाव घ्यावं लागे. धाऊंनी हसत हसत नाव दिलं, डोळखांबचा वाघ. जीपमधल्या सगळ्यांना ते फार आवडलं. धाऊ उभे राहून बोलत होते आणि संदेश टाइप करत होता. पहिलं उत्तर सभ्य होतं. माझी मुलगी खोटं बोलत नाही, तुम्ही आमच्याकडे या, नाचणीची भाकर खा आणि मग बोला, असं काहीसं. मला ते इतकं आवडलं की वाटलं, हे तरी मराठी अक्षरांत लिहा. पण संदेशनं लिहिलं इंग्रजी अक्षरांत. धाऊंना मराठी वाचता येत होतं, ही अक्षरं येत नव्हती. मुलगा काय लिहितो ते त्यांना कळायला मार्ग नव्हता.

त्या साइटची एक खोड होती. ज्या पानावर नवं उत्तर पडेल ते पान उडी मारून सगळ्या पानांच्या वर जायचं. जितकी उत्तरं, तितकं पान वर, तितके जास्त वाचणारे. आमची माणसं रोज जीप भरून येत आणि रोज उत्तर देत. लोकांनी विसरून जावं अशा त्या घाणीला आमचीच माणसं रोज उचलून माळ्यावर ठेवत होती. ताईंनी एकदा सांगून पाहिलं, तर धाऊ म्हणाले, म्हणजे काय आमी गप बसावं? 

हळूहळू धाऊ सांगायचे एक आणि संदेश लिहायचा दोन. त्याचा राग खरा होता, ते मी नाकारत नाही. बहिणीवर त्याचा जीव होता. पण रागाला कुणीतरी समोर लागतं, आणि लिहिणारा तो अनोळखी माणूस तर हाती लागत नव्हता. मग त्याला वंदना सापडली. वंदना ही स्पर्धेतली दुसरी मुलगी, जळगावकडची, वैष्णवीच्या तोडीची गाणारी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ती एका पायानं लंगडायची, असं वाहिनीनं तिची ओळख करून देताना सांगितलं होतं. एका दुपारी संदेशनं माझ्यावर दाणदाण बोटं आपटून लिहिलं की वंदना कॅमेऱ्यासमोरच लंगडी बनते, कॅमेरा बंद झाला की पळत सुटते, सगळं प्रेक्षकांच्या मतांसाठी आहे. वाक्यात क्रियापद धड नव्हतं, पण मित्रांनो, त्या दिवशी मला क्रियापद आठवलंसुद्धा नाही. प्रत्येक अक्षराला मी अडून बसू पाहत होतो. पण बटण दाबलं की अक्षर जातं, असा माझा जन्म.

त्या एका वाक्यानं पान कुठल्या कुठे गेलं. आता लोक वंदनाबद्दल लिहू लागले. कुणी म्हणे तिला आपण पळताना पाहिलं, कुणी म्हणे तिच्या गावच्या माणसानं सांगितलं. आणि त्या आठवड्यात साइटच्या कडेला अक्षरं चमकली, सगळ्यात जास्त वाचलेलं पान, नंबर एक. आमच्या माणसांनी ते बघितलं आणि काय केलं सांगू? पेढे वाटले! मंगळूनं तर ताई जेवायला घरी गेल्या असताना संदेशकडून माझ्यावर बॅनरचा मजकूर टाइप करून घेतला, या वेळी मराठी अक्षरांत. "अभिनंदन! आपली वैष्णवी इंटरनेटवर पहिल्या नंबरवर!" महिन्याभरात माझ्यावर बिनचूक मराठी लिहिलं गेलं ते एवढंच, आणि त्यातलं काहीही बरोबर नव्हतं.

अंतिम फेरीच्या आधी वैष्णवीला घरी जायला थोडी सुट्टी मिळाली. शहापुरात तिची मिरवणूक निघाली. ढोल, गुलाल, फुलं! आवाज जवळ येत होता आणि मी खणात बसून नाचत होतो. पण नाक्यावर आल्यावर ढोल एकदम थांबले. नंतर कळलं की तिनं तो बॅनर वाचला आणि जीप थांबवायला लावली. इंटरनेटवर पहिला नंबर म्हणजे काय, असं तिनं विचारलं, आणि लोकांनी तिला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

ती सरळ कॅफेत आली. केसांत गुलाल तसाच. मागून धाऊ, संदेश, मंगळू आणि दारात मावतील तेवढे लोक. माझ्यासमोर बसून तिनं ते पान उघडलं. अर्ज भरताना हलकी होती तीच बोटं आता माझ्यावर जड पडत होती.

"बाबा, वंदना आणि मी एका खोलीत राहतो," ती म्हणाली. "हे पान ती रोज वाचते. चार दिवस झाले, ती स्टेजवर जायला तयार नाय. फायनलला गानार नाय बोलते, घरी जाते बोलते."

धाऊ काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, "ती नाय गायली तर मी पन नाय गानार."

 इतके महिने जीप पळवणारी, जनरेटर आणणारी, पेढे वाटणारी माणसं एका वाक्यात गप्प झाली. धाऊंचा चेहरा लाल झाला. ज्यानं हे लिहिलं तो कोण आहे ते सांग, ते म्हणाले, अंगण नसलं तरी त्याला शोधून काढतो. वैष्णवीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि लिहिणाऱ्याचं नाव वाचलं.

"डोळखांबचा वाघ."

हे नाव कुणी ठेवलं होतं ते तिला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना माहीत होतं. धाऊ हळूच वळले आणि मुलाकडे बघू लागले. संदेश खाली बघत होता. रागात लिवलं, एवढंच तो कसाबसा म्हणाला. वैष्णवीनं त्याच्याकडे पाहिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, ती नुसती बघत राहिली.

तेव्हा रत्नाताई उठल्या. त्यांनी प्रिंटर चालू केला, ते पान कागदावर काढलं आणि कागद संदेशच्या हातात दिला. मला एकदम मुरबाड आठवलं! माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे बटणांवर काटा येत असेल तर. ताईंनी वैष्णवीला सांगितलं की आधी वंदनाला फोन लाव आणि तिला विचार, तिला ऐकायचं आहे का. तिची इच्छा नसेल तर कागद फाडून टाकू.

वैष्णवीनं फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग तिनं मोबाइल स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला. पलीकडून शांत आवाज आला, "वाचू द्या. रोज मी माझी मी वाचते. आज त्यांच्या तोंडून ऐकते."

संदेश वाचू लागला. वंदना हे नाव त्यानं वाचलं. कॅमेऱ्यासमोरच, इथपर्यंत आला आणि अडकला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्याच्या गळ्यातून नुसता वारा आला. जे बोटांनी एका दमात लिहिलं होतं ते तोंडातून निघेना. मी इतका जवळ होतो की त्याच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडला. 

"मी लिवलं," शेवटी तो म्हणाला. "खोटं लिवलं. मला म्हायती नव्हतं तरी लिवलं."

 मग वंदनानं विचारलं, "तुम्ही मला चालताना कधी बघितलंय?"

"टीव्हीवर."

"टीव्हीवर मला उभीच दाखवतात. चालायला मला वेळ लागतो, म्हणून ते कापून टाकतात." मग ती म्हणाली, "तुम्ही फायनलला या. मी त्यांना सांगते, या वेळी कापायचं नाही. मी पडद्यामागून माईकपर्यंत चालत येणार. बघा, आणि मग काय लिहायचं ते लिहा."

मित्रांनो, मला पाय असते तर मी त्या क्षणी टेबलावरून उडी मारली असती! ती गाणार होती. वैष्णवीनं फोन छातीशी धरला आणि आता मात्र ती रडली. धाऊ बाहेर पडले. ते थेट नाक्यावर गेले आणि शिडी मागवून त्यांनी तो बॅनर स्वतःच्या हातानं उतरवला, असं मंगळूनं नंतर सांगितलं.

अंतिम फेरीच्या संध्याकाळी कॅफेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. वीज गेलेली, बाहेर जनरेटरची घरघर. संदेश मुंबईला गेला होता, प्रेक्षकांत बसायला. आधी वंदनाचं नाव पुकारलं. टीव्हीतलं संगीत थांबलं. मी खणात होतो, मला पडदा दिसत नव्हता, पण आवाज येत होता. एक पाऊल खणखणीत, दुसरं घासत येणारं. पुन्हा एक खणखणीत, पुन्हा एक घासत. किती वेळ चालली ती! वाहिनीनं काही कापलं नाही.  मग ती गायली, आणि मी गाण्यातलं फार जाणत नाही, पण ती गाताना माझ्या खणाची फळी कंप पावत होती. त्यानंतर वैष्णवी गायली. आमची वैष्णवी! तीही जीव ओतून गायली.

पहिली आली वंदना. वैष्णवी दुसरी.  मग कुणीतरी टाळी वाजवली. शेतात राबलेल्या हाताची जाड टाळी होती ती. धाऊंची. त्यांच्या मागून सगळ्यांनी वाजवली, आधी हळू आणि मग छप्पर उडेल अशी.

पण साइट कुठली गप्प बसते? दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं नवा मजकूर आला. वैष्णवीवर अन्याय झाला, वंदना गाण्यावर नव्हे तर पायावर जिंकली, डोळखांबचा वाघ आता कुठं लपला? दुपारी जीप आली. माणसं उतरली, खणाभोवती दाटी झाली. संदेश परत आला होता, तो भिंतीला टेकून उभा राहिला. या वेळी खुर्चीत धाऊ स्वतः बसले. त्यांनी आपला हात माझ्यावर ठेवला. भातकापणी चालू होती, तळहाताला विळ्याचे घट्टे होते. गप्प बसलं तर बोललेलं खरं धरतात, हे त्यांच्या रक्तातलं. सगळे वाट बघत होते. मीसुद्धा बघत होतो, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

"संदेश," ते म्हणाले, "तू बघितलीस ना तिला चालताना?"

"हो, बाबा."

"गायली कशी?"

संदेशला ते सांगणं सोपं नव्हतं. "वैषूपेक्षा चांगली गायली," तो म्हणाला.

धाऊंनी माझ्यावरचा हात उचलला. "मंग उत्तर कसलं द्यायचं?" ते उठले. "गाडीत बसा रे. भात उबा हाय."

आणि सगळे गेले! जीप सुरू झाली, धूळ उडाली आणि डोळखांबच्या रस्त्याला लागली. ताईंनी ते पान बंद केलं. उत्तरच आलं नाही, तेव्हा पान त्या संध्याकाळीच दोन-चार पानांखाली गेलं, दुसऱ्या दिवशी आणखी खाली, आणि आठवड्यात कुणाला शोधूनही सापडेना. त्या दुपारी माझ्यावर एकही अक्षर दाबलं गेलं नाही. दाबून घेण्यासाठीच माझा जन्म आहे, तरी सांगतो, त्या दुपारइतका आनंद मला कधी झाला नाही.

पुढे नवे कीबोर्ड आले, सपाट आणि काळे. मी कपाटावर गेलो. ताई अजूनही अधूनमधून मला खाली काढून फडक्यानं पुसतात, ळ वरून जरा हळू.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी नवी भावंडं असतील. त्यांच्यावर चहा सांडू नका, पावाचे कण पाडू नका. शुद्ध लिहा, माझ्या जिवाला तेवढंच बरं वाटेल. पण चुकलात तरी मी रागावणार नाही. एवढंच करा, ज्याच्याबद्दल लिहिताय तो माणूस समोर बसलाय असं समजून ते एकदा मोठ्यानं वाचा. वाचताना घसा अडकला तर उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, लिहिलेलं पुसायचं एक बटण आहे. माझ्या अंगावरची बाकी सगळी बटणं झिजली, अक्षरं उडाली. तेवढं एक मात्र आजही नव्यासारखं आहे. माझ्या भावंडांचं तरी तुमच्या हातून झिजू द्या.